मार्गदर्शकपदी माझी निवड

३ सप्टेंबर, सोमवार.
क्लबच्या कार्यक्रम समितीचा प्रमुख म्हणून माझी एकमताने निवड. दुसरं कोणी तयारच नव्हतं, असं बायकोचं म्हणणं. तिला संस्थांचं राजकारण कळत नाही. या महिन्याचा विषय: विद्यापीठ अल्पसंख्य विद्यार्थ्यांना आधार कसा देतं. आमच्या अध्यक्षबाई डेंटिस्ट आहेत. म्हणाल्या, तिथल्या आधार केंद्राच्या संचालिकेला बोलवू, त्या बोलतील, आपण ऐकू. ऐकू! नुसतं ऐकायचं असतं तर चष्म्याचं दुकान लवकर बंद करून मी क्लबात कशाला आलो असतो?
संकल्प: प्रास्ताविक असं ठोकायचं, की पुढचा अध्यक्ष कोण हा प्रश्नच उरू नये. केमिस्टचाही त्या खुर्चीवर डोळा आहे. डोळ्यांतलं मला कळतं.

५ सप्टेंबर, बुधवार. सकाळी.
प्रास्ताविकाचा मसुदा तयार. विषयाचा वेगळा अभ्यास करावा लागला नाही. अल्पसंख्य असणं म्हणजे काय ते मी रोज भोगतोय. घरात बायको, मुलगी, सासूबाई. तिघी एकीकडे, मी एकीकडे. हे वाक्य भाषणात घेतलं. मुलीला वाचून दाखवलं. म्हणाली, बाबा, हे बोललात तर मी आडनाव बदलीन. नव्या पिढीला विनोद पचत नाही. वाक्य ठेवलं.

७ सप्टेंबर, शुक्रवार.
निमंत्रण द्यायला जातीने विद्यापीठात गेलो. फोनवर भागलं असतं, पण पर्सनल टच तो वेगळाच. कोट घातला. पाट्या बारीक अक्षरांत, आणि वाचायचा चष्मा दुकानात राहिलेला. अंदाजाने एका खोलीत शिरलो. गोल मांडलेल्या खुर्च्या, त्यांवर मुलंमुली. एक बाई उठून म्हणाल्या, या, या, बसा. कॉफी दिली. विचारलं, नवीन ना? म्हटलं, हो, या बाजूला पहिल्यांदाच. म्हणाल्या, सुरुवातीला सगळ्यांनाच परकं वाटतं, शिकायला वयाची अट नसते. किती समंजस! मग विचारलं, तुमचं इथे कोणी ऐकून घेतं का? आता विचारलंच तर सांगितलं. घरी माझं कोणी ऐकत नाही, क्लबात केमिस्ट मध्येमध्ये बोलतो, भाऊ तर फोनही उचलत नाही. एक मुलगा म्हणाला, मी बोललो की वर्गात माझ्या उच्चारांना हसतात. त्याला म्हटलं, थांब, माझं संपू दे.
निघताना वही, पेन आणि आवाराचा नकाशा घातलेली पिशवी मिळाली. पाहुणचार करावा तर यांनीच.
निमंत्रण द्यायचं राहिलं.

१० सप्टेंबर, सोमवार.
केमिस्टने फोन करून संचालिकेला परस्पर बोलावलं. लगेच हो म्हणाल्या म्हणे. वरवरचं काम. असल्या माणसाच्या हातात क्लब गेला तर संपलंच.

२० सप्टेंबर, गुरुवार. कार्यक्रमाहून परतल्यावर.
हॉल भरलेला. बायकोही आली होती, पण मागच्या रांगेत बसली, ओळख न दाखवता. प्रास्ताविक उत्तम झालं. अध्यक्षबाई पेल्यावर चमचा वाजवत होत्या, तो मी टाळ्यांचाच प्रकार समजलो. ‘तिघी एकीकडे’वर कोणी हसलं नाही. माइक खराब असावा.
मग संचालिका उठल्या. गोलातल्या त्याच बाई! माझा हात हातात घेऊन सगळ्यांदेखत विचारलं, आता जरा रुळलात का? अ‍ॅडमिशनचं काम झालं का? भाऊ फोन उचलायला लागला का? हॉलमध्ये असा हशा, की केमिस्टला ठसका लागून पाणी आणावं लागलं. माझ्या नावाची चर्चा सगळीकडे होणार, हे चांगलंच.
त्यांचं भाषण साधं होतं. भाषा वेगळी असलेल्या मुलांना निबंध लिहायला मदत, एकटं वाटणाऱ्यांना बसायला खोली, वरच्या वर्गातल्या मुलांची सोबत. बरोबर एक मुलगी आली होती. ती म्हणाली, फोनवर खोली रिकामी असते, मी आडनाव सांगितलं की ती भरलेली असते. सामान अजून मैत्रिणीच्या पलंगाखाली आहे. हॉल एकदम गप्प झाला. मीही गप्प होतो. माइक काढून घेतला होता. केमिस्टने तिथल्या तिथे आपली माडीवरची खोली तिला देऊ केली. खुर्चीसाठी माणूस कोणत्या थराला जातो!
खोली माझ्याही दुकानामागे आहे. पण त्यात जुन्या फ्रेम्स आहेत. आणि गाजावाजा करून मदत करणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

२७ सप्टेंबर, गुरुवार.
क्लबाने मार्गदर्शक योजना काढली. विद्यार्थी आले, ज्याने त्याने आपला मार्गदर्शक निवडायचा. कोट घालून दाराजवळच उभा राहिलो. मुलं कोटाला वळसा घालून जात होती. संकोच. बायको नुसती चहा ओतायला आली होती, तिला तिघांनी धरलं. तिला सांगण्यासारखं काय आहे? ती तर नुसती विचारत बसते.
शेवटी माझ्याकडेही एक आली! समुपदेशन शिकते. तिच्या शिक्षिकेने सरावासाठी अवघड माणूस शोध म्हणून सांगितलंय. असा कोण, हे तिने इथे विचारलं, तर सगळ्यांनी, केमिस्टनेसुद्धा, माझ्याकडे बोट दाखवलं. अवघड म्हणजे खोल. विरोधकानेही मान्य करावं, याला म्हणतात योग्यता.

३ ऑक्टोबर, बुधवार.
केमिस्ट अध्यक्ष. मला एक मत. ते माझंच असावं, असं बायको म्हणते. तिचं नव्हतं, हे तिने आपणहून सांगितलं. असो. पदांपेक्षा माणूस घडवणं मोठं.

६ ऑक्टोबर, शनिवार. रात्रीच्या जेवणानंतर.
आज माझी विद्यार्थिनी दुकानात आली. तिचा चष्मा नाकावरून घसरत होता, तो आधी नंबर तपासून नीट बसवून दिला. मग माझं बालपण, धंदा, निवडणुकीतलं कारस्थान, सगळं सविस्तर सांगितलं. तिने एकदोनदा तोंड उघडलं. म्हटलं, प्रश्न शेवटी. शेवटी तिची बस आली. जाताना म्हणाली, सराव खूप झाला. डोळ्यांत पाणी होतं. जांभई दिल्यावरही येतं, पण हे तसलं नव्हतं.
ताटावर बसल्यावर घरी सगळं रंगवून सांगितलं. बायकोने विचारलं, कुठली हो ती? म्हटलं, बाहेरची असावी. राहते कुठे? म्हटलं, राहत असेल कुठेतरी. घरी कोण कोण असतं तिच्या? म्हटलं, हे पुढच्या वेळी घेणार आहे. मग बायकोने विचारलं, बरं, नाव काय तिचं?
तिघी जेवायच्या थांबल्या.
मी भाजी वाढून घेतली. नको होती.
चष्म्याचा नंबर मात्र पाठ आहे. उणे सव्वादोन. दोन्ही डोळे.