माझ्या गाडीत सगळ्यांना झोप लागते

३ ऑगस्ट, रविवार
आजपासून रोजनिशी लिहिणार. निमित्त: गाडी. सेकंड हँड, पण सात सीटर. भरे गावात सात सीटरवाले किती आहेत? मोजकेच.
आज पहिली फॅमिली राइड, भरे ते पौड. आबा गाव सुटायच्या आत घोरायला लागले. आबांचं ठीक आहे, ते चावडीवरही झोपतात. पण आई! गेली कित्येक वर्षं तिला झोप म्हणून नाही. गोळ्या झाल्या, जायफळ झालं. ती आई मागच्या सीटवर गाढ झोपली.
याला म्हणतात सस्पेन्शन. आणि अर्थात ड्रायव्हिंग.
तृप्ती मात्र जागी. गाडीत मळमळतं म्हणून खिडकी उघडून तोंड बाहेर. एसीचं वाटोळं. शिवाय प्रत्येक वळणाला ‘अहो, हळू’.

५ ऑगस्ट
गाडीच्या कंपनीचा मेसेज. एक्झॉस्टमधला एक पार्ट सदोष असू शकतो, गाडी त्वरित सर्व्हिस सेंटरला आणा, मोफत बदलून देऊ. पुढे बरंच लांबलचक होतं. ते कायद्यासाठी लिहितात, वाचायचं नसतं.
मोफत म्हटलं की मी सावध होतो. पिरंगुटला कंपनीत स्टोअर्स सांभाळतो मी. पार्ट म्हणजे काय ते मला शिकवू नये.
सद्दाम आमच्याच डिपार्टमेंटचा, त्याचीही हीच गाडी. त्याने आज हाफ डे टाकून पार्ट बदलून घेतला. घाबरट. रत्नदीपभाऊ, तुम्हीपण जाऊन या, म्हणाला. मी नुसता हसलो.

७ ऑगस्ट
आईला झोपेसाठी मुद्दाम फिरवून आणलं. पिरंगुटच्या अलीकडेच झोपली. उठल्यावर म्हणाली, डोकं लई ठणकतंय रं. चष्म्याचा नंबर वाढला असणार. तिला म्हटलं, रोज फिरवतो. नको म्हणाली. जुन्या माणसांना ट्रीटमेंट नको असते.
गाडीत थोडा वास येतो. मोगऱ्याचा परफ्यूम आणून डॅशबोर्डवर चिकटवला.

९ ऑगस्ट
एक कल्पना सुचली आहे. इतकी मोठी की नवीन पानावर लिहितोय.
आपल्याकडे झोप नसलेली माणसं किती! हिंजवडीत तर आख्ख्या बिल्डिंगा आहेत. त्यांना गाडीत बसवायचं, फिरवायचं, झोपवायचं, घरी सोडायचं. नाव: ‘निवांत राइड्स’. पुढे पाच गाड्या. नोकरी सोडायची. साहेबांना काय बोलायचं ते तयार केलं आहे, थोडं कडक आहे.
तृप्तीला सांगितलं. ती म्हणाली, आधी तो गाडीचा मेसेज काय आहे ते बघा. व्हिजन नाही.

१२ ऑगस्ट
गाडीच्या कंपनीचा फोन. मुलगी फार गोड बोलत होती. अर्जंट आहे सर, म्हणाली. म्हटलं, माझी गाडी अप्रतिम आहे, उलट तुम्हीच येऊन बघा. ती म्हणाली, सर, गाडीत कुणाला गुंगी वगैरे... मी म्हटलं, गुंगी नाही, शांत झोप लागते. तिचा गोड आवाज एकदम बदलला. मग सर, प्लीज गाडी चालवू नका, म्हणाली. मी फोन ठेवला.
यांना माझी आयडिया कळली की काय? यापुढे फोनवर बोलायचं नाही.

१४ ऑगस्ट
पहिला कस्टमर! शेजारच्या बंगल्यात भाड्याने राहणारा किशोर. आयटीत आहे, अमेरिकेच्या वेळेने जागतो. काचा पूर्ण बंद, एसी फुल. भुकूमच्याही आधी मान टाकली पठ्ठ्याने.
परत आल्यावर फाटकाजवळ उलटी केली. म्हटलं, साठलेला थकवा बाहेर पडतोय, चांगलं लक्षण आहे. त्याने मान हलवली. पुढची तारीख मागितली तर सांगतो म्हणाला.
माझंही डोकं जड आहे. उद्योजकांना होतं असं.

१६ ऑगस्ट
उद्या ताम्हिणी. मोठी ट्रायल. घाटात पाऊस कोसळतोय, म्हणजे काचा बंद राहणार, म्हणजे खरा निवांतपणा. तृप्तीची खिडकी माझ्याकडच्या बटणाने लॉक करणार. तीही झोपली पाहिजे. तृप्ती झोपली की जगातलं कुणीही झोपेल.

१७ ऑगस्ट, रविवार. पौड, दवाखाना
क्रमाने लिहितो.
निघालो. आबा झोपले. आई झोपली. तृप्ती खिडकीचं बटण दाबत राहिली, पण लॉक. भांडली. मग भांडण हळू झालं. मग तिने मान टाकली. मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. गाडीत संपूर्ण शांतता. बाहेर पाऊस, धुकं. रस्त्यावरचे पांढरे पट्टे दोन झाले, मग चार. मला वाटलं, रस्ता रुंद केला वाटतं.
त्यानंतरचं नीट आठवत नाही.
गाडी एका ढाब्याच्या अंगणात, चिखलात, नाक खुपसून उभी होती. आपटली नाही, नुसती रुतली. ढाब्याच्या रजनीबाईंनी छत्री टाकून चारही दारं उघडली आणि ओरडल्या, आवं, गाडीत चूल पेटवली व्हय? केवढा धूर ह्यो!
एकेकाला ओढून पडवीत बसवलं. तृप्ती डोळे उघडेना. मी तिला हाका मारत होतो. आईच्या गालावर रजनीबाई पाणी मारत होत्या. तो वेळ मला लिहिता येणार नाही.
मग तृप्तीने डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलली: खिडकी उघडा. एवढा सुंदर आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही.
ढाब्यावाल्यांनी त्यांच्या जीपने पौडला आणलं. सगळ्यांना ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचलात. आबा मास्क बाजूला करून म्हणाले, आता कसं झ्याक वाटतंय, ह्यो वारा घरी न्हेता येतो का?

१८ ऑगस्ट
तृप्तीने कंपनीचा मेसेज मला मोठ्याने वाचून दाखवला. पूर्ण. ‘पाइपच्या जोडाला चीर जाऊन विषारी धूर केबिनमध्ये शिरू शकतो. गुंगी, डोकेदुखी, उलटी.’ दवाखान्यातल्या इतर पेशंटांनीही ऐकलं.
माझं म्हणणं एवढंच की महत्त्वाचं पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं.
किशोरला फोन करून माफी मागितली. नंतर नंबर ब्लॉक केलेला दिसला.

२३ ऑगस्ट
सर्व्हिस सेंटरने गाडी टोइंगने नेली होती, आज मिळाली. जुना पार्ट त्यांनी दाखवला. फटीतून माझी चार बोटं आरपार गेली. मेकॅनिक म्हणाला, इतके दिवस चालवलीत? मी म्हटलं, स्किल लागतं.
‘निवांत राइड्स’ बंद केलेली नाही. आता तर गाडी सेफ आहे, सस्पेन्शन तेच, ड्रायव्हर तोच. झोप दुप्पट लागेल.

२४ ऑगस्ट, रविवार
सगळ्यांना पौडपर्यंत नेलं. फार विनवण्या कराव्या लागल्या.
कुणीही झोपलं नाही.
पहिल्या वळणालाच आईने आबांचा हात धरला. दुसऱ्याला माझी कॉलर. समोरून ट्रक आला तेव्हा मी थोडा त्याच्या बाजूला होतो, तसा मी नेहमीच असतो, पण आई किंचाळली. म्हणाली, रत्नू, तू हमेशा अशीच चालवतोस व्हय? आमी झोपलेलो म्हणून कळलं न्हाई. आबा म्हणाले, मला हितंच उतरव, मी चालत जातो. आणि खरंच उतरले.
तृप्ती नुसती सगळ्यांकडे बघत होती, आता पटलं ना, अशी.
उजेड जास्त होता, त्यामुळे त्यांना सगळं दिसलं.

२५ ऑगस्ट
सद्दामला म्हटलं, रोज माझ्या गाडीने ये. तो म्हणाला, भाऊ, मला रस्त्यात काम असतं. काय काम ते सांगितलं नाही.

२६ ऑगस्ट
तृप्तीने गाडीची किल्ली मागितली. तिचं लायसन्स लग्नाच्या आधीपासूनचं आहे. मला हे कधी विचारायला सुचलं नव्हतं. देणार नाही.

२८ ऑगस्ट
दिली.

३१ ऑगस्ट, रविवार
सकाळी सगळे ताम्हिणीला गेले. रजनीबाईंना लुगडं द्यायला. तृप्ती चालवत होती, पुढे आबा, मागे आई आणि किशोर. किशोरला कुणी बोलावलं माहीत नाही. सगळ्या काचा खाली. आई गाणं म्हणत होती, शेतावर लावणीला म्हणतात तसलं. तिला गाता येतं हे मला माहीत नव्हतं.
मी फाटकात उभा होतो. तृप्ती म्हणाली, तुम्ही आराम करा.
सात सीटर आहे. चौघं गेले. तीन सीट रिकाम्या होत्या.
दुपारी भांडी घासली.