दहाव्या दिवशी वाजवलेले झाकण

दिनांक १२ जून २०२२, रविवार. त्या सकाळी मी विद्युलतावहिनींच्या स्वयंपाकघरातून अॅल्युमिनियमचे एक झाकण आणि पितळेची पळी उचलली आणि पिशवीत, टॉवेलाखाली लपवली. कोणी पाहिले नाही. त्या दिवशी माझ्या थोरल्या भावाचा, बाळकृष्णदादाचा, दहावा होता. हे सर्वांत आधी लिहितो, कारण ते लिहिल्याशिवाय बाकीच्या कलमांना अर्थ नाही.

मी, मानाजी गणपत खुटवड, वय ४९, मूळ गाव भोर तालुका, जिल्हा पुणे, सध्या राहणार पट्टाभिराम, चेन्नई, नोकरी जवळच्याच आवडी या गावी, संरक्षण कारखान्यात फिटर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्या सांगण्यावाचून लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, एवढ्यात कशाला? दादालाही ठणठणीतच सांगितले होते. नोंदणी कार्यालयाबाहेरचा टंकलेखक म्हणाला, "सर, फॉर्मॅट तयार आहे, फक्त नावं बदलायची." ज्या कागदात कोणाचेही नाव बसते त्यावर माझा विश्वास नाही. म्हणून हाताने.

कलम १. बँकेतली ठेव, भविष्यनिर्वाह निधी आणि विमा माझी पत्नी अर्चना हिला. त्याचे काय करावे हे तिला समजते. तिला सल्ला द्यायला कोणी येऊ नये, विशेषतः आजवर जे कधी आले नाहीत त्यांनी.

कलम २. देव्हारा आणि त्यातले पाच टाक माझी मुलगी कीर्ती हिला. टाक मुलाकडे जातात, मुलगी परक्या घरची, असे गावाकडून फोन येतील. कीर्तीला मराठीपेक्षा तमिळ सोपी जाते, पण संध्याकाळी न सांगता दिवा तीच लावते. देवाला एवढे पुरत असावे. खंडोबाच्या टाकावर घोड्याच्या पायाशी कुत्रा आहे, टाक घासताना तो बोटाला लागतो. दादा मला त्यावरून टोचायचा, "माना, देवानं पायाशी बसवून घेतलंय, आणि तू आपल्या दारातून हाकलतोस!"

कलम ३. माझी हत्यारे, म्हणजे व्हर्नियर, दोन मायक्रोमीटर, कानशी आणि पाने, हेरंब याला. हेरंब दादाचा एकुलता मुलगा, श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्या कारखान्यात आहे. तिथे सगळे काम यंत्राचे हात करतात, त्यामुळे कानस बघून तो हसेल. हसू दे. त्यातली मोठी कानस मला कामाच्या पहिल्या दिवशी त्याच्या बापाने दिली होती.

कलम ४. या कलमाने कोणाला काही मिळत नाही, तरी ते खोडू नये.

दादा माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा मी गावच्या शाळेत सातवीत होतो आणि दादा आवडीला क्रेन चालवत होता. त्याने मला दहावी करू दिली, आयटीआय करू दिले, मग इकडे बोलावून घेतले. चाळीस टनांचे धूड तो असे उतरवायचा की जमिनीला टेकल्याचा आवाज होत नसे. एकदा शेडच्या तुळईवर साळुंकीने घरटे केले. पिल्ले उडेपर्यंत दादा त्या टोकाला क्रेन अगदी हळू न्यायचा. साहेब ओरडले तर सांगायचा, "सर, लोड स्विंग होतो." माझ्या माहितीत तो एवढेच खोटे बोलला.

ओव्हरटाइम त्याने कधी सोडला नाही. घरी आला की आधी अंगणातल्यांचे जेवण, मग आमची विचारपूस. अंगणातली म्हणजे रस्त्यावरची कुत्री. गेट बंद होऊ नये म्हणून तो फटीत एक वीट ठेवायचा. २०१५ च्या डिसेंबरात पाणी घरात शिरले तेव्हा वरच्या माझ्या खोलीत आम्ही सहा माणसे, नऊ कुत्री आणि एक शेळी होतो. शेळी कोणाची ते अजून कळलेले नाही. ती वीट मी रोज काढायचो, कारण माझ्या मोटारसायकलची सीट कुत्र्यांनी दोनदा फाडली होती. तो ती रोज परत ठेवायचा. यावरून आम्ही एकमेकांना एक शब्दही बोललो नाही.

कावळ्यांचे त्याला शेजारच्या विजयालक्ष्मीअम्मांनी शिकवले. इथे घरोघर जेवणाआधी कावळ्याला भाताचा घास ठेवतात. आमच्याकडे कावळ्याची आठवण होते ती माणूस गेल्यावर. दादा खूश झाला. "इथं बिचाऱ्यांना कोणी मरायची वाट बघावी लागत नाही," म्हणाला. तेव्हापासून रोज सकाळी कामावर जाण्याआधी झाकणावर पळीचे तीन ठोके, की कावळे हजर. अशी वीस वर्षे.

आता घर. जागा २००१ साली घेतली. दादाने गावच्या घरासाठी आधी कर्ज काढलेले असल्यामुळे कागद माझ्या नावाने झाले. "नाव तुझं असू दे," एवढेच तो बोलला. कोणाचे किती गेले हे आम्ही कधी मांडले नाही. खाली ते राहायचे, वर आम्ही. तो गेल्यावर मात्र मला पहिल्यांदा नीट दिसले की कागदावर एकच नाव आहे आणि ते माझे आहे. ज्या दिवशी हे दिसले त्या दिवसापासून मला सगळ्यांचा संशय येऊ लागला. वहिनी चहा घेऊन वर आल्या तरी वाटे, आज चहा का?

दहाव्याच्या आदल्या दुपारी हेरंब अंगणात फोनवर बोलत होता आणि मी जिन्यात उभा होतो. "उद्या सगळ्यांसमोरच बोलतो," तो म्हणाला. "मग काकाला नाही म्हणता यायचं नाही."

पिंडाला कावळा शिवला नाही तर गेलेल्याची काही इच्छा राहिली असे आपण धरतो, आणि एकेक जण पुढे होऊन वचन देतो. तिथे बोललेला शब्द कोणी मोडत नाही, तिथे मागितलेले कोणी नाकारत नाही. घर मागायला पोराने बरोबर तीच जागा शोधली, असे मला वाटले. म्हणून झाकण.

घराजवळच्या तळ्याच्या काठी, चेन्नईतल्याच तिरुवल्लिकेणीहून आलेल्या गुरुजींनी पिंड मांडले. कावळे ताडावर ओळीने बसले होते, पण एवढी माणसे पाहून खाली येईनात. वहिनी म्हणाल्या, "तुमच्या मुक्या जिवांना मी उपाशी ठेवणार नाही." कावळा आला नाही. मी म्हणालो, वहिनींना अंतर देणार नाही. तरी आला नाही. ऊन चढले. गावाहून आलेला चुलतभाऊ संकेत घड्याळ बघत म्हणाला, "कुत्र्यामांजरांत जीव अडकलाय त्याचा, दुसरं काय!" तेव्हा हेरंब पुढे झाला. त्याने हात जोडले.

"बाबा, आपल्या घराचं…"

मी पिशवीतून झाकण काढले आणि तीन ठोके दिले.

ताडावरचे सगळे एकदम उतरले. पिंड दिसेनासे झाले. "बरं सुचलं हो तुम्हाला," गुरुजी म्हणाले. वहिनी रडता रडता हसल्या, "समाधानानं गेले." हेरंब मागे सरला. त्याचे हात अजून जोडलेलेच होते. भाताबरोबर आलेले झाकण आणि पळी हाताशी होती आणि मला ऐन वेळी सुचले, असे तिथले सगळे समजले. मला सुचले नव्हते, मी ते घरून घेऊन गेलो होतो.

महिन्याने हेरंब एका माणसाला घेऊन आला. त्या माणसाने गेटापाशी टेप धरून मापे घेतली आणि चिठ्ठीवर लिहिली. मी वरून पाहिले. जागा मोजायला माणूस आणला, असे मी धरून चाललो. दुसऱ्या दिवशी गेटला कुलूप लावले आणि वहिनींना त्यांची किल्ली दिली. त्यांनी काही विचारले नाही, आणि न विचारण्याचाही मला संशय आला. दादाचा तंबी नावाचा तीन पायांचा कुत्रा चार दिवस गेटाबाहेर बसून होता. पाचव्या दिवशी नव्हता.

हेरंबने पुढे कारखान्याजवळ खोली घेतली. रविवारी आईकडे येताना बिस्किटे आणायचा, बाहेर उकिडवा बसून कुत्र्यांना घालायचा आणि मग कुलूप उघडून आत यायचा. मला वाटायचे, गल्लीला दाखवतो आहे.

या जूनमध्ये दादाच्या श्राद्धाला मी त्याला अंगणात गाठले. तीन वर्षे विचारायचे राहिले होते.

"हेरंब, दहाव्याला तू काय बोलणार होतास? घराचं म्हणालास आणि थांबलास."

"अय्यो काका, मी कुठं थांबलो? तुम्ही बँड वाजवलात."

"सांग."

"घराचं गेट बंद करणार नाही, असं म्हणणार होतो. तुम्ही रोज वीट काढायचात ना? म्हटलं, सगळ्यांसमोर बोललं की काका अडकतील."

"आणि तो टेपवाला?"

"वेल्डर तो. गेटाला खाली छोटं दार करायचं होतं, कुत्र्यांपुरतं. म्हणजे तुमची गाडीपण सेफ. पण तुम्ही कुलूपच लावलंत."

"मग तेव्हा बोलायचं होतंस."

तो बिस्किटाचा पुडा दुमडत राहिला. "माझं बोलून व्हायच्या आधीच कावळा शिवला, काका. मी म्हटलं, म्हणजे बाबांची ती इच्छा नव्हतीच. मीच उगाच धरून बसलो होतो."

मी लगेच विश्वास ठेवला असे नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून वेल्डरचे दुकान शोधले. हेरंबचे नाव घेताच तो हसला. खिळ्याला अडकवलेल्या जुन्या चिठ्ठ्यांतून त्याने एक काढून दिली. तिच्यावर गेट काढलेले होते आणि खालच्या कोपऱ्यात एक चौकोन. चौकोनात कोणीतरी कुत्रा काढला होता. पाय तीनच होते.

ती चिठ्ठी या कागदाला जोडली आहे.

कलम ५. माझा दहावा घराजवळ करू नये. तिथले कावळे मला ओळखतात, कारण दादामागे झाकण मीच वाजवतो, आणि ते माझ्या पिंडावर सवयीने येतील. तिरुवल्लिकेणीच्या बाजूला समुद्रावर करावा, अनोळखी कावळ्यांसमोर. कोणी काही वाजवू नये. पहिले बोलणे हेरंबचे, आणि त्याला वाक्य पुरे करू द्यावे. उशीर झाला तरी दर्भाचा कावळा करून शिववू नये. शिवला नाहीच तर तसेच घरी यावे. माणसाची एखादी इच्छा राहिली तर राहिली, पण ती भागली असे परस्पर ठरवू नये.

कलम ६. चुलतभाऊ संकेत याला या कागदाची एक प्रत पाठवावी. दुसरे काही नाही. तो जे चेष्टेने बोलला ते खरे होते, हे मात्र त्याला कळवावे.

कलम ७. घर. वरचा मजला अर्चनाचा, तिच्यानंतर कीर्तीचा. तळमजला, अंगण आणि गेट या मृत्युपत्रात मुद्दाम घेतलेले नाही. मृत्युपत्र माणसाला मरेपर्यंत बदलता येते, आणि मी स्वतःला ओळखतो. एखाद्या दुपारी मी पुन्हा जिन्यात उभा राहीन आणि कोणाचे तरी अर्धे बोलणे ऐकेन. म्हणून काल, १८ नोव्हेंबरला, नोंदणी कार्यालयात जाऊन ते सगळे वहिनी आणि हेरंब यांच्या नावे बक्षीसपत्राने करून दिले. ते आता मला परत घेता येणार नाही, याची वकिलाकडून दोनदा खात्री केली.

त्याआधी झाकणाचे वहिनींना सांगितले. त्या म्हणाल्या, "भावजी, पळी परत ठेवलीत तेव्हा तिला भात चिकटलेला नव्हता. तुम्ही धुऊन ठेवली होतीत. तुम्ही कधी भांडं धुता? मला तेव्हाच काहीतरी वाटलं होतं." म्हणजे संशय या घरात मला एकट्यालाच येत नव्हता.

कार्यालयातून परतताना अर्चना म्हणाली, "अहो, गेट त्यांचं झालं. आता आपण आत यायचं कसं?"

"उघडं असेल," मी म्हणालो.

आल्यावर कुलूप काढले. दादाची वीट नळाखाली सापडली, शेवाळ धरलेली. ती फटीत ठेवली. आज सकाळी पाहिले, तिथेच होती. मी काढलेली नाही.

या कागदाची अंमलबजावणी कारखान्यातले माझे सहकारी महेश कोळपकर यांनी करावी. साक्षीदार असे निवडले आहेत की ज्यांना यातून सुतळीचा तोडाही मिळत नाही. विजयालक्ष्मीअम्मांना मराठी वाचता येत नाही, त्यामुळे त्या मध्येच दुरुस्त्या सुचवणार नाहीत.

सही: मानाजी गणपत खुटवड

मानाजीने आमच्या डोळ्यांसमोर सही केली आणि मग आम्ही त्याच्यासमोर केल्या.

साक्षीदार १: विजयालक्ष्मी श्रीनिवासन, शेजारी (सही तमिळमध्ये)
साक्षीदार २: महेश दत्तात्रय कोळपकर, आवडी

ठिकाण: पट्टाभिराम, चेन्नई
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५