ठासणीची बंदूक आणि तिच्यामागे जाणारी बाग

मी, लीलाबाई सूर्यभान खेरडे, वय शहात्तर, धंदा शेती, राहणार राजापेठ, अमरावती, माझ्यामागे काय कोणाचं ते राजीखुशीने लिहून ठेवते. मला कोणी धाक दाखवलेला नाही, दाखवणारा अजून जन्मायचा आहे. स्मरणशक्ती शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ती किती शाबूत आहे ते विपुलला पुढे कळेलच.

मला वारस दोन. मुलगा विपुल, माझ्याजवळ राहतो. मुलगी चंदा, अकोल्याला दिली, शाळेत गणित शिकवते. माझ्यामागे मोर्शीची संत्र्याची बाग राहते की तिचे प्लॉट पडतात, एवढाच खरा प्रश्न आहे.

कलम १. राजापेठेचं घर विपुलला. वरच्या मजल्यावरचा ट्यूशन क्लास आणि दारात आडव्यातिडव्या लागणाऱ्या पोरांच्या गाड्या, हेही त्याचंच.

कलम २. बँकेतली ठेव दोघांना निम्मी. पाटल्या सून संध्याला. तिने मला कधी उलटून उत्तर दिलं नाही. मनात दिलं असेल तर ते तिचं तिच्याजवळ.

कलम ३. ठासणीची बंदूक, लांब नळीची, एक. ही मूळ बंदूक नव्हे. सासऱ्यांच्या विलायती बंदुकीची नळी गंजून गेली, तेव्हा आमच्या ह्यांनी परवान्याच्या कारागिराकडून त्याच मापाची, तसाच शिसवी दस्ता असलेली बनवून घेतली. लोक नकली म्हणत. हे भडकत, "नकली काहून म्हन्ता बे? बार तं असली निंगते ना!"

तिच्यात दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा टाकायचा, लोखंडी गजाने ठासायचं. मग गज बाहेर काढून, घोड्याखाली टोपी बसवून बार काढायचा. पहिल्याच दसऱ्याला पूजा झाल्यावर ह्यांनी गावासमोर मिशीला पीळ देऊन बार काढला, आणि गज नळीतच राहिला. तो उडाला तो थेट शेजारच्या मळ्यातल्या गोवर्धनभाऊंच्या कडब्याच्या गंजीत. गोवर्धनभाऊंनी त्याला झेंडूचा हार घातला आणि डफडं वाजवत परत आणून दिला. पुढे प्रत्येक लग्नाच्या पंगतीत त्यांनी ही गोष्ट रंगवून सांगितली. मी ते विसरलेले नाही. शिक्षा म्हणून त्यांना या कागदावर साक्षीदार केलं आहे.

त्या दिवसापासून आमच्याकडे रीतच पडली. टोपी बसवण्याआधी हे विचारत, "गज कोठी हाय?" मी गज वर धरून म्हणे, "माह्या हातात." मगच बार. छर्रा आम्ही कधी भरला नाही, बागेत शिरणारे रोही, म्हणजे नीलगाई, आणि डुकरं नुसत्या आवाजाला पळत. दारूच्या धुराचा आणि आंबिया बहाराच्या फुलांचा वास एकत्र आला की मला अजून नवीन लग्न झाल्यासारखं वाटतं. वाचताना कोणी हसू नये.

हे गेल्यावर परवाना माझ्या नावावर झाला. पहिल्या दिवशी दिवेलागणीला मी बंदूक ठासली आणि सवयीने म्हटलं, "गज कोठी हाय?" उत्तर कोण देणार! शेताच्या धुऱ्यावर बसून रडले. तेवढ्यात पलीकडून गोवर्धनभाऊ ओरडले, "वयनी, तुमच्याच हातात हाय! काढा बार!" मी काढला.

ही बंदूक चंदाला. मागच्या दिवाळीत मी विचारलं होतं, "विपुल, बंदूक घेतं का रे बाप्पा?" तो म्हणाला, "भंगार हाय ते, आई. मले नको. चंदीले देऊन टाक." साक्षीदार तिथेच चिवडा खात बसले होते. पोराचा शब्द मी मोडत नाही.

कलम ४. परवान्यावर 'पीक संरक्षणासाठी' असं लिहिलेलं आहे. ज्याच्या नावावर पीकच नाही, त्याने राखायचं काय? बंदूक चंदाला द्यायची तर सातबाराही चंदाचाच पाहिजे. सबब मोर्शीची सगळी बाग, विहीर, मोटरपंप आणि मळ्यातली खोली चंदाला. बाग ह्यांनी स्वकष्टाने घेऊन माझ्या एकटीच्या नावावर केलेली आहे, तेव्हा वकिलाकडे खेटे घालू नयेत. विपुल, प्लॉटवाल्यांना चहा पाजलास तेवढा पुरे झाला.

कलम ५. मी गेल्यावर बंदूक पोलीस ठाण्यात जमा होईल. चंदाचा परवाना निघायला वेळ लागेल आणि तोवर रोही काही थांबणार नाहीत. एकट्या चंदाला अख्ख्या बागेत डबा वाजवत फिरणं जमायचं नाही. विपुल, लहानपणी तुझ्या एका आरोळीने कळप उधळायचा. तुझे बाबा कौतुकाने म्हणायचे, "या पोराले परवाना लागत नाही." तू रागावशील, ते मला ठाऊक आहे. पण बहिणीने हाक मारली की मोर्शीची बस धर. मळ्यातल्या खोलीत तुझी बाज आहे, ती मी कोणाच्या नावावर करत नाही. बागेच्या मधोमध उभा राहा आणि माझ्यावरचा सगळा राग तिथे ओरडून काढ. रोही तेवढेच पळतील.

वरचा मजकूर मी स्वतः वाचला, तो माझाच आहे.

लीलाबाई सूर्यभान खेरडे (सही)

साक्षीदार:
१. गोवर्धन मोतीराम बोंडे, शेती, मोर्शी (सही)
२. डॉ. स्वप्निल इंगळे, राजापेठ (सही)

ठिकाण: अमरावती
दिनांक: १७ जानेवारी २०२५