उजव्या कानामागची दोरी

मी, रावीरी जॉर्ज पाराटा, वय वर्षे सव्वीस, धंदा खाणीतल्या ट्रकांची टायरं बसवणे, मूळ राहणार टसॉक फ्लॅट, साउथलंड, न्यूझीलंड, सध्या राहणार पश्चिम ऑस्ट्रेलियात पिलबारातली खाणवसाहत, खोली एकोणचाळीस, हे आज गुरुवारी दुपारी, दारूचा थेंब न घेता, कुणी मागे लागलेलं नसताना लिहून ठेवतो आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला म्हणून सांगतो की आजच्या पाळीत मी चार टायरं चढवली, प्रत्येक माझ्या दुप्पट उंचीचं, आणि एकही नट सैल राहिलेला नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कुणी केल्याचं दाखवलं तर ते खोटं समजावं.

शाळा मी पंधराव्या वर्षी सोडली. कायद्याचे शब्द पोस्टातून आणलेल्या छापील फॉर्मवरून घेतलेत. बाकीचे माझे.

लिहिण्याचं कारण असं की परवा शनिवारी मी इथल्या मातीच्या ट्रॅकवर स्प्रिंटकार, म्हणजे शर्यतीची छोटी उघडी गाडी, चालवणार आहे. माझा थोरला भाऊ एरुएरा, आम्ही एरू म्हणायचो, १६ जानेवारी २०१६ रोजी गावच्या ट्रॅकवर तसल्याच गाडीत गेला. त्यानंतर मागच्या रविवारच्या सरावापर्यंत मी शर्यतीच्या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

कलम १. बँकेत जे काही असेल ते आईला. तिने त्यातून मागच्या खोलीचं छत करून घ्यावं. चर्चला देऊ नये. देणारच असेल तर आधी छत.

कलम २. माझी हत्यारं लितिया नाइवालू हिला द्यायची होती. ती इथे मोठ्या इंजिनांवर काम करते, फिजीची आहे आणि माझ्यापेक्षा नीट हत्यारं ठेवते. पण साक्षीदाराला काही देता येत नाही असं फॉर्मवर छापलंय. मी तिला विचारलं, हत्यारं हवीत की सही करतेस? म्हणाली, तुझ्या पान्यांना हात लावण्यापेक्षा सही बरी. म्हणून हत्यारं दुसऱ्या पाळीच्या लोकांना. त्यांनी ती आधीच वापरायला घेतलेली आहेत.

कलम ३. माझी गाडी टान्या वहिनीला, म्हणजे एरूच्या बायकोला. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. कलम ६ वाचल्यावर तिला नको वाटलं तर तिने नाही म्हणावं, मी समजून घेईन. तेव्हा समजून घ्यायला मी नसेनच, पण लिहून ठेवलं.

कलम ४. चुलत भाऊ डॅरन याला काही नाही. त्याने भर बारमध्ये गावच्या ट्रॅकवरच्या ऑर्मी काकांना आंधळा म्हातारा म्हटलं होतं. मी शेजारी बसलो होतो, आणि ग्लास खाली न ठेवता पीत राहिलो. त्याचा हिशोब मी कुणाकडे मागू?

कलम ५. माझ्याकडे दोन जुवं आहेत. जू म्हणजे खांद्यावर बसतं ते. त्यावरून गाडीचे पट्टे आवळतात आणि मागून दोन दोऱ्या हेल्मेटला अडकवतात, डाव्या कानामागे एक आणि उजव्या कानामागे एक. गाडी आपटली की डोकं पुढे फेकलं जाऊ नये म्हणून.

नवं जू गावच्या क्लबला. ज्याचं घरी विसरलं त्याने घालावं. दोऱ्यांवर तारीख शिवलेली आहे, ती उलटली की बदलाव्यात.

जुनं जू एरूचं. त्याला वरून चिरासुद्धा नाही, तरी ते कुणी घालू नये. ज्याने एकदा मार खाल्ला त्याचा भरवसा नसतो. करवतीने दोन तुकडे करावेत. आई ते फोटोखाली ठेवायला मागेल. तिला देऊ नये.

कलम ६. हे मालमत्तेबद्दल नाही.

गावच्या ट्रॅकवर तपासनीस होते ऑर्मंड फेरियर, सगळ्यांचे ऑर्मी काका. तेव्हा वय एकाहत्तर. गाडी रांगेत लागण्याआधी ते प्रत्येक चालकावर वाकायचे, खांद्याचे पट्टे जुवावरूनच गेलेत ना ते बघायचे, मग दोन्ही दोऱ्या एकेक करून ओढायचे. इतक्या जोरात की चालकाची मान हलायची. एरू म्हणायचा, "काका, मला शर्यतीला जायचंय, फाशीला नाही." काका म्हणायचे, "फाशी सोपी असते रे, तिथे एकच दोरी तपासायची."

त्या दिवशीही त्यांनी दोन्ही ओढल्या. मी हाताच्या अंतरावर उभा होतो. मी पाहिलं.

मग आम्ही गाडी ढकलगाडीच्या रांगेत आणली, या गाड्या मागून ढकलल्यावरच चालू होतात. पुढे चार गाड्या होत्या. एरूने बोटाने उजव्या कानाकडे खूण केली. कशाला, ते मला विचारावं लागलं नाही. मान डावीकडे वळवली की उजवी दोरी ताणते, आणि आतल्या बाजूने घुसणारी गाडी अर्धीच दिसते. आधीच्या शर्यतीत असाच एकजण आतून घुसून पुढे गेला होता, आणि एरूने रागाने दिवसभर काही खाल्लं नव्हतं. त्याची त्याला दोरी काढता येत नव्हती. गाडी उलटली तर हात बाहेर फेकले जाऊ नयेत म्हणून मनगटं आखूड पट्ट्यांनी बांधलेली असतात, हात कानापर्यंत पोचत नाही. दुसऱ्याचा हात लागतोच.

मी वाकलो. बघणाऱ्यांना वाटलं असेल, भावाच्या कानात काही सांगतोय. मी कडी दाबली, दोरी सोडवली, आणि लोंबताना कुणाला दिसू नये म्हणून कॉलरखाली खोचली. एरूने मान डावीकडे वळवून बघितली. मग अंगठा वर केला.

सातव्या फेरीत चाकाला चाक लागलं आणि गाडी नाकावर भिंतीत गेली. फार मोडली नाही. चालकाभोवतीचा लोखंडी पिंजरा सरळ होता. लोक म्हणत होते, आता उतरेल. मी कुंपणावरून उडी मारली तेव्हा मला ठाऊक होतं की तो उतरणार नाही.

डॉक्टरांनी आईला सांगितलं की धड पट्ट्यांनी धरून ठेवलं आणि डोकं पुढे गेलं, कवटी तळाशी तुटली. दोन्ही दोऱ्या लावलेल्या असत्या तर बहुतेक वाचला असता. हे त्यांनी दोनदा सांगितलं, कारण आईने दोनदा विचारलं.

चौकशीला टेबलापलीकडे तिघे होते. उजवी कडी तुटलेली नव्हती, उघडी होती. मला विचारलं, तपासणीनंतर गाडीजवळ कोण होतं? म्हणालो, मी होतो, पण हात लावला नाही. पाच-सहा शब्द. मग काकांना विचारलं. ते स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत बसले. म्हणाले, "त्या दिवशी मी एक्केचाळीस गाड्या तपासल्या. मला वाटतं, मी ओढली होती. पण कडी उघडी मिळाली म्हणता, तर माझाच हात चुकला असेल." त्यांनी तपासनीसाचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला. माझ्याकडे वळून माफी मागितली. मी ती घेतली.

त्यानंतर काका ट्रॅकवर आले नाहीत. दुकानात सामानाला त्यांची बायको वेरा जाते. कधी रस्त्यात आई समोर आली तर आई रस्ता ओलांडते, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत काका टोपी काढून उभे राहतात. हे मी दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा बघायला नको म्हणून खाणीत नोकरी धरली.

रविवारी सरावात पट्टे आवळून मी गाडीत बसलो होतो. डावीकडे नीट दिसेना. माझं बोट आपोआप उजव्या कानाकडे वळलं. लितिया मदतीला होती. ती वाकली. मला वाटलं, काढते आहे. तिने हेल्मेटची काच वर केली आणि म्हणाली, "तुझ्या आईला फोन करून मी काय सांगू, तेवढं आधी सांग. मग काढते." तिला एरूबद्दल काही माहीत नव्हतं. माझ्या बाबतीत असं म्हणणारं कुणी होतं. एरूच्या वेळी ते मी म्हणायला हवं होतं.

ऑर्मंड फेरियर यांचा हात चुकला नव्हता. दोरी मी काढली.

कलम ७. <s>माझ्या मृत्यूनंतर कलम ६ क्लबच्या सभेत मोठ्याने वाचावं आणि काकांचा बिल्ला त्यांना परत द्यावा.</s>

(वरचा मजकूर मी खोडला आहे. शेजारी माझी आणि दोन्ही साक्षीदारांची आद्याक्षरं आहेत. कारण खाली.)

आज शुक्रवार. जेवणाच्या सुट्टीत लितिया सहीला आली. साक्षीदाराने आतला मजकूर वाचायची गरज नसते असं मी तिला सांगितलं. तिने पहिल्या पानापासून वाचलं. भाताचा डबा तसाच राहिला. कलम ७ वर बोट ठेवून म्हणाली, "म्हणजे त्या म्हाताऱ्याने तुझ्या मरणाची वाट बघायची? आणि उद्या तू धडधाकट उतरलास तर?"

मी म्हणालो, तोवर बघू. काका आता पंच्याहत्तरीला आलेत.

"मग तू जरा घाई कर," ती म्हणाली. पेन तिने खिशातच ठेवलं.

मी बाहेर जाऊन काकांना फोन लावला. तिथे संध्याकाळचे पाच. वेराने उचलला आणि माझं नाव ऐकून काकांना दिला. मी जसं इथे लिहिलंय तसंच सांगितलं, मध्ये न थांबता. थांबलो असतो तर पुढे जमलं नसतं. मग त्यांनी विचारलं, "मी ओढली होती?"

"हो काका. डावी आधी, मग उजवी."

"जोरात?"

"एरूची मान हलली."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "वेरा," त्यांनी हाक मारली, "अगं इकडे ये. हा पोरगा काय सांगतोय ते ऐक." आणि मला सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगावं लागलं, तिला. ती रडली. काका रडले नाहीत. फोन परत घेऊन म्हणाले, "तुझ्या आईला माहीत आहे?"

मी नाही म्हणालो.

"मग तिला फोनवर सांगायचं नाही. इथे यायचं. मला तू चार वर्षं उभं केलंस, तिच्यासमोर तू उभा राहा." आणि फोन ठेवला. माफ केलं असं म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही.

कलम ७ (सुधारित). कलम ६ माझ्या मृत्यूची वाट बघणार नाही. ते आजपासून लागू. त्याची एक प्रत आज क्लबच्या चिटणीसांना पाठवली आहे. दुसरी माझ्या खिशात आहे.

उद्याच्या शर्यतीतून मी नाव काढलं आहे. सकाळच्या विमानाने घरी निघतो. आधी आई, मग टान्या वहिनी, मग क्लब. तेव्हा या कागदाची उद्या गरज पडेल असं आता दिसत नाही. तरी सही करून ठेवतो. आईच्या दारात मी उभा राहीन तेव्हा ती काय करेल, ते मला माहीत नाही.

वरील सर्व मी स्वतः लिहिलं, स्वतः वाचलं, आणि खालच्या दोघांच्या देखत सही केली.

रावीरी जॉर्ज पाराटा (सही)

साक्षीदार:
१. लितिया नाइवालू, इंजिन मेकॅनिक (सही). सगळं वाचून सही केली.
२. बर्नार्ड क्विल, वसाहतीतला आचारी (सही). काही वाचलं नाही, चष्मा नव्हता.

ठिकाण: खाणवसाहत, पिलबारा, पश्चिम ऑस्ट्रेलिया
दिनांक: ११ ऑक्टोबर २०१९