एक्केचाळिसाव्या प्रश्नाचा कौल

केंदूर, सोमवार

ती. हनुमंत दाजींना ज्योतिबाचा दंडवत. सगुणाआक्काचा गुडघा आता मांडी घालू देतो का? इकडे सगळे धडधाकट आहेत, मी सोडून. मला काय झालंय ते सांगायलाच हा कागद घेतला.

गेल्या मंगळवारी सकाळी आंघोळ करून मी धनश्रीचं परीक्षेचं पुस्तक घेतलं आणि बिरोबाच्या देवळात गेलो. (हसू नका, आधी ऐका.) पोरीने बी.एस्सी.नंतर एम.सी.ए.च्या प्रवेश परीक्षेसाठी हे जुनं पुस्तक आणलं, तर उत्तरांची पानंच कुणीतरी फाडलेली. सोडवलेलं बरोबर की चूक कळेना, पोर रडकुंडीला आली. मला इंग्रजी येत नाही, पण कौल लावता येतो. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ज्वारीचा एकेक ओला दाणा चिकटवायचा आणि आधी कुठला पडतो ते पाहायचं. अडचण एवढीच, की देवाला खांदे दोन आणि परीक्षेत उत्तरं चार. म्हणून एका प्रश्नाला मी दोन कौल ठरवले: पहिल्याने वरची जोडी की खालची, दुसऱ्याने त्या जोडीतलं कुठलं. प्रश्न वाचता येईना, तेव्हा नुसता आकडा सांगायचो, “देवा, सातवा.”

पहिल्या सकाळी वीस झाले. धनश्रीने ताडून पाहिले, तर वीसच्या वीस तिच्या उत्तरांशी जुळले. बुधवारी मी आकडा उच्चारायच्या आधीच दाणा पडू लागला. दार ओढलेलं, वारा नाही, समईची ज्योत सरळ. मी सावकाश लिहायचो, तर पाठीमागे कुणीतरी खोळंबल्यासारखं वाटायचं. वळून पाहायचं धाडस काही झालं नाही.

गुरुवारी एक्केचाळिसाव्याला मात्र दोन्ही दाणे जागचे हलेनात. पाणी सुकलं, ऊन उंबऱ्याशी आलं, तरी कोरडे दाणे उभ्या दगडाला धरून. घरी सांगितलं तर धनश्री म्हणाली, “आबा, म्हंजी देवालाबी आलं न्हाई! त्यालाबी क्लास लावा.” दुपारी सणसवाडीच्या क्लासात तिने तो प्रश्न सरांना दाखवला. छापण्यात चूक आहे, म्हणाले, चारही उत्तरं चुकीची. त्या संध्याकाळी पोर जेवली नाही. हळूच म्हणाली, “आबा, सुपारीचं तेवढं त्याला इचारू नका.”

तुम्ही दौंडच्या मारुतरावांच्या इंद्रजीतशी तिचं जमवलेलं. सुपारी फोडायचा रविवार आणि परीक्षेचा रविवार एकच, आणि मारुतराव तारीख हलवायला तयार नव्हते.

शुक्रवारी मी गेलोच. उजवा दाणा परीक्षेचा, डावा सुपारीचा. तोंड उघडायच्या आत डावा सरकू लागला. दाजी, मी तो बोटाने दाबून धरला. जन्मात पहिल्यांदा देवाचं बोलणं मधेच तोडलं. दाणा चुलीतून काढल्यासारखा गरम होता. “देवा, पोर माझी हाय, ह्याचं उत्तर मी देतो,” म्हणालो आणि दोन्ही दाणे काढून घेतले. बाहेर पडताना मागे कुणीतरी मोठा श्वास सोडला. रागाचा की सुटकेचा, ते सांगता येत नाही.

तसाच दौंडला गेलो आणि मारुतरावांना नकार कळवून आलो.

आपला,
ज्योतिबा

ता.क. धनश्रीने काल पेपर दिला. बरा गेला म्हणते.

ता.क. देवापुढे जीभ चालली, पण मारुतरावांपुढे वळेना. म्हणून “हे स्थळ हनुमंत दाजींनाच पटंना” असं सांगून आलोय. ते गुरुवारी तुमच्याकडे राहू गावी जाब विचारायला येणार आहेत. आक्काची शपथ, नुसतं “व्हय” म्हणा. नकार मी तुमच्या नावाने देऊन बसलोय.