होडीखालची ऊब

चुलतभाऊ वाल्डेमार यास इंगेबोर्गताईचे आशीर्वाद.

तुझ्या गरम पाण्याच्या कंपनीची माणसं पाइपासाठी सोमवारी माझी बाग खणणार, हे मला दारावरच्या चिठ्ठीवरून कळावं, आणि तिथल्या मुकादमाने, म्हणजे तू, तोंड शिवून बसावं. बरं, गुडघा कसा आहे? इकडे सगळं ठीक, होल्गरची पाठ सोडून (ती लग्नापासूनच तशी आहे).

तुमचं शास्त्र मला सांगू नकोस. गावभरचे लंगोट आणि माशांची डोकी जाळायची, त्यावर पाणी तापवायचं आणि पाइपांतून घरोघर फिरवायचं. आई चुलीत हेच करायची, तिला कुणी हेल्मेट दिलं नाही. आता तर अख्ख्या डेन्मार्कचा कचरा कमी पडतो म्हणून इंग्रजांचा जहाजाने येतो. म्हणजे आम्ही ऊब घेतो ती कुणाच्या उष्ट्याची, देव जाणे.

या खोदकामामागची तक्रार मीच केली, आणि रास्त केली. शेजारची राग्नहिल्ड दरवर्षी चर्चच्या जेवणाला सगळ्यांआधी नवे बटाटे आणते, आणि भांड्यावर झाकण ठेवत नाही, वाफ दिसावी म्हणून. विचारलं तर म्हणते, "हाताला गुण असावा लागतो, इंगेबोर्ग." यंदा बर्फ पडला तेव्हा मी कुंपणावरून डोकावले. सगळीकडे पांढरं, आणि तिच्या बटाट्यांच्या जागी सरळ काळा पट्टा (ऊन काही पट्टी लावून पडत नाही). खाली तुमचा गरम पाइप. हाताचा गुण म्हणे. मी लगेच तुमच्याकडे फोन केला. तर तुमचा माणूस ऊब दाखवणारा कॅमेरा घेऊन आला आणि राग्नहिल्डच्या देखत मला म्हणतो, "बाई, त्यांच्यापेक्षा तुमच्याकडेच जास्त ऊब वाया जातेय. त्या होडीखाली बघा." होल्गरची उलटी होडी, जी हलव म्हणून मी वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडते. तिथे गावभरची मांजरं येऊन झोपतात. म्हणजे त्याच पाइपावर तिने बटाटे पिकवले आणि आम्ही मांजरं. राग्नहिल्ड हसलीसुद्धा नाही. तिने मला कॉफी विचारली. त्यापेक्षा हसली असती तर परवडलं असतं.

तेव्हा खोदकाम मे संपेपर्यंत पुढे ढकल. माझ्या कोंबड्या अंड्यांवर बसल्यात, आवाजाने उठतील.

तुझी,
इंगेबोर्गताई

ता. क. : कोंबड्यांचं सोड, त्या कोल्ह्याने केव्हाच नेल्या. होडी मी होल्गरकडून हलवून घेतली (आताची पाठ त्यातली). तिथे बटाटे लावलेत, पानं वीतभर आलीत. चर्चचं जेवण मेच्या शेवटच्या रविवारी आहे आणि मी मोठं भांडं काढून ठेवलंय, बिनझाकणाचं.

आणखी एक : राग्नहिल्डकडचा पाइप मात्र सोमवारीच खणून काढा. सरकारी ऊब अशी वाया घालवणं बरं नव्हे. शुक्रवारपर्यंत 'हो' कळव.