सातवी ओळ

ब्रसेल्स, ५ मार्च

ती. हिल्डेमावशीस,
यार्नेचा सा. न. वि. वि.

परवा सकाळी साडेदहाला आमच्या वकीलसाहेबांनी, देलवोंनी, एका संमतिपत्रातली सातवी ओळ गाळून ते मला परत टाइप करायला सांगितलं, आणि माझं सगळं बदललं.

यीस्टच्या दोन कंपन्या एक होऊ बघताहेत. एक इकडची, आमची अशील, एक तिकडची. तपास तुमचं वॉशिंग्टनही करतंय, आमचं ब्रसेल्सही. दोघांचं म्हणे घट्ट सहकार्य! पण एकमेकांना गोपनीय कागद दाखवायचे तर त्याच कंपन्यांची लेखी संमती लागते. म्हणजे हातात हात धरायला परवानगी कोणाची, तर ज्यांना धरायचं त्यांची. वा रे मैत्री!

कुठले कागद दाखवायचे याची यादी संमतिपत्रात असते. सातव्या ओळीत तिकडच्या कंपनीच्या साहेबाचं एक टिपण होतं: एक झालो की भाव वाढवू, बेकरीवाले जातात कुठे. ते तुमच्या वॉशिंग्टनकडे आहे. इकडे आता येणार नाही. आणि इकडे तपास करतेय माझी फेमके. (ती माझी आहे हे तिला अजून ठाऊक नाही. शुक्रवारी एकत्र तळलेले बटाटे खातो, इतकंच.) मावशी, तू तिकडच्या तपासखात्यातच आहेस. फेमकेच्या कानावर घाल ना!

रागात असलो तरी तुझाच,
यार्ने

वॉशिंग्टन, १४ मार्च

चि. यार्ने यास अ. उ. आ.

गाढवा, कायद्याचं कॉलेज आणखी एक वर्ष केलं असतंस, तर अशिलाच्या गोष्टी मावशीला लिहायच्या नसतात एवढं तरी कळलं असतं. तुझं पत्र मी त्याच दिवशी वरिष्ठांकडे दिलं. तसा नियम आहे. मला या प्रकरणातून काढलंय, आणि तुझ्या ऑफिसलाही कळवलंय.

त्या टिपणाचं एवढं कौतुक नको. इकडे निवडणूक झाली की वारा फिरतो. काल कंपन्यांना एक होण्यापासून रोखा म्हणणारे आज तडजोडीनं मिटवा म्हणतात. तुमच्याकडेही आता मोठ्या कंपन्या हव्यात अशी टूम निघालीय. वीस वर्षं या दोन खात्यांचा एकोपा बघतेय. दिशा बदलायची वेळ आली की तेवढा तो दिसतो.

वेळेवर जेवत जा. माया आहे, म्हणून तर चिडलेय.
हिल्डे

ब्रसेल्स, २४ मार्च

ती. मावशीस सा. न.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस तुझा फोटो पालथा ठेवला होता. मग सुलटा केला.

माझ्या पत्राचा बोभाटा फेमकेच्या खात्यापर्यंत गेलाय. तिनं निरोप धाडलाय, प्रकरण संपेपर्यंत रस्त्यात ओळखसुद्धा दाखवायची नाही. दोन खंडांनी गळ्यात गळे घालायचे, आणि आम्ही दोघांनी बटाटेही खायचे नाहीत!

आज देलवोंनी केबिनमध्ये बोलावलं. गोड बोलले. म्हणाले, पोरा, या वयात डोकं फिरतंच, एवढी सही करून टाक. कागदात होतं की मी तुला लिहिलेलं ते पत्र म्हणजे प्रेमात वेड्या झालेल्या मुलानं मनानं रचलेली गोष्ट आहे. सही केली तर नोकरी राहील, नाहीतर आजच चालता हो. तो कागद ते इकडच्या तपासाकडे धाडणार होते, म्हणजे फेमकेच्या टेबलावर. तिनं मला जन्मभर लबाड समजायचं!

मी पेन घेतलं. ‘प्रेमात वेड्या झालेल्या’च्या खाली रेघ ओढून लिहिलं, कबूल. ‘मनानं रचलेली’ यावर फुली मारली आणि खाली सही ठोकली. साहेब लालबुंद झाले, म्हणाले, या शहरात एकही वकील तुला दारात उभा करणार नाही. मी म्हटलं, महिनाभरात ऐकलेली ही पहिली चांगली बातमी.

तुझा लोभ उरला असेल तेवढा राहू दे. मग मी कोट उचलला, केबिनबाहेर पडलो आणि मागे दार ओढून घेतलं.

यार्ने